पाण्याची विभक्ती

फिनलंडमधल्या खानावळीत पेलाभर पाणी मागायचे असेल तर म्हणतात, ‘लासि वेत्तॅ’. लासि म्हणजे काचेचा पेला आणि वेत्तॅ म्हणजे पाणी. मात्र शब्दकोश उघडला तर ‘वेत्तॅ’ त्यात सापडत नाही. तिथे नोंद असते ती ‘वेसि’ची. प्रथमेत लासि आणि वेसि सख्ख्या भावंडांसारखे दिसतात. दोघांचाही शेवट ‘सि’ने होतो. षष्ठी लावली की दोघांच्या वाटा वेगळ्या होतात. पेल्याचा म्हणजे ‘लासिन’, पाण्याचा म्हणजे ‘वेदेन’. पेल्याचा ‘स’ जागच्या जागी राहतो. पाण्याच्या ‘स’चा मात्र द होतो, त होतो, त्त होतो. लासि हा स्वीडिश ‘ग्लास’वरून आलेला, त्या मानाने अलीकडचा शब्द आहे. फिनिशमधल्या जुन्या शब्दांच्या आरंभी जोडाक्षर चालत नसे, म्हणून त्याचा ग गळाला. वेसि हजारो वर्षे त्याच घरात आहे. हे समजायला कुठलाही शिलालेख लागत नाही. दोन्ही शब्द विभक्त्यांमधून चालवून पाहिले तरी पुरे.

हे छोटे पुस्तक ‘वेसि’ या एकाच शब्दाबद्दल आहे. फिनिश, एस्टोनियन आणि त्यांच्या भाऊबंद भाषा ज्या एका भाषेतून निघाल्या, तिला अभ्यासक प्राक्-फिनिक म्हणतात. त्या भाषेत हा शब्द प्रथमेत *वेत्सि आणि बाकीच्या विभक्त्यांत *वेते- असा असावा, अशी मांडणी आहे. आधीचे तारांकन म्हणजे हे रूप कुठेही लिहिलेले सापडलेले नाही, ते तुलनेने उभे केले आहे. मराठी वाचकाला दोन रूपांची ही जोडी परकी वाटू नये. ‘पाणी’ला आपण थेट ‘ला’ लावत नाही. आधी ‘पाण्या’ करतो, मग ‘पाण्याला’, ‘पाण्यात’, ‘पाण्याने’. व्याकरणात आपण त्याला सामान्यरूप म्हणतो. *वेते- हे त्याच अर्थाने *वेत्सिचे सामान्यरूप आहे, आणि शब्दाचा इतिहास या सामान्यरूपातच मुरलेला आहे. प्रथमेचे रूप सगळ्यांत आधी डोळ्यांत भरते, पण सगळ्यांत जास्त बदललेलेही तेच असते.

लिप्यंतराबद्दल इथेच सांगतो. फिनिश त दंत्य आणि अल्पप्राण, अगदी आपल्या त-सारखा आहे, त्यामुळे देवनागरी या भाषेला चांगली मानवते. ‘बॅट’मधला ॲ त्यांच्याकडे मुबलक आहे, तो ‘ॅ’ने दाखवला आहे. शब्दाचा जोर नेहमी पहिल्या अक्षरावर पडतो. प्रत्ययाचा स्वर शब्दातल्या स्वरांशी जुळवून घेतो: घराला ‘स्सा’ लागतो तर पाण्याला ‘स्सॅ’. सुरुवातीला एवढे पुरे आहे.

प्राक्-फिनिक भाषा बोलणारे लोक सुमारे दोन-अडीच हजार वर्षांपूर्वी फिनलंडच्या आखाताच्या आसपास, मुख्यतः त्याच्या दक्षिणेला, आजच्या एस्टोनियाच्या परिसरात राहत होते, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्यांनी काहीही लिहून ठेवले नाही. या शाखेतला सर्वांत जुना सलग मजकूर थेट १३ व्या शतकातला आहे. रशियातल्या नोव्हगोरोद शहरात १९५७ मध्ये उत्खननात सापडलेल्या भूर्जपत्रावर सिरिलिक लिपीत काही ओळी कोरल्या आहेत, आणि त्यांचा विषय वीज, म्हणजे देवाचा बाण, असा दिसतो. पहिली छापील फिनिश पुस्तके मिकाएल अग्रिकोला या धर्मगुरूची: १५४३ ची बाळबोध अक्षरपोथी आणि १५४८ चा नवा करार. त्यामागचे दीड हजार वर्षांचे अंतर कापायचे तर हाताशी असतात त्या आजच्या भाषा. फिनिश बोलणारे सुमारे ५० लाख, एस्टोनियन बोलणारे सुमारे १० लाख. कारेलियन, वेप्स, इंग्रियन, वोतिक यांची संख्या उतरत उतरत काहींच्या बाबतीत मोजक्या म्हाताऱ्या माणसांवर आली आहे. लात्व्हियाच्या किनाऱ्यावरची लिव्होनियन ज्यांची मातृभाषा होती अशा शेवटच्या बाई, ग्रिझेल्दा क्रिस्तिन्या, २०१३ मध्ये कॅनडात वारल्या. पुनर्रचनेचे काम या सगळ्या भाषांच्या साक्षीवर चालते आणि त्यातली प्रत्येक साक्ष मोलाची असते. एखादी छोटी भाषा मावळली की तुलनेच्या तक्त्यातला एक रकाना कायमचा बंद होतो. मग तिथे काय होते हे विचारायलाही कोणी उरत नाही.

आता ‘स’ कुठून आला ते पाहू. मूळ रूप *वेते. शब्दाच्या अगदी शेवटी आलेल्या ए-चा इ झाला: *वेति. पुढे ति-चा त्सि झाला आणि *वेत्सि तयार झाले. बहुतेक भाषांत या त्स-मधला त विरला आणि नुसता स उरला. ए प्रत्ययाच्या आधी आला, म्हणजे शब्दाच्या शेवटी नसला, तर त्याचा इ होण्याचे कारणच नव्हते. म्हणून तिथे त तसाच टिकला. ‘पाणी म्हणून’, ‘पाण्याच्या रूपात’ अशा अर्थाची जी विभक्ती आहे, तिच्यात आजही ‘वेतेनॅ’ म्हणतात. त, ए, सगळे जुने जागच्या जागी. मधली त्स-ची पायरी हा निव्वळ तर्क नाही. एस्टोनियाच्या आग्नेय कोपऱ्यातल्या व्होरो बोलीत ‘दोन’ला ‘कात्स’ म्हणतात. तोच शब्द प्रमाण एस्टोनियनमध्ये ‘काक्स’ आणि फिनिशमध्ये ‘काक्सि’ आहे. डोंगराळ कोपऱ्यातल्या बोलीने जे जपले ते प्रमाण भाषांनी सोडले.

हा बदल कधी घडला याचा माग उसन्या शब्दांवरून लागतो, आणि भाषाविज्ञानातली अशी कालगणना मला नेहमीच विलक्षण वाटत आली आहे. फिनिशमध्ये पुलाला ‘सिल्ता’ म्हणतात. तो बाल्टिक भाषांकडून आला आहे. लिथुएनियनमध्ये पूल आजही ‘तिल्तास’ आहे. म्हणजे ‘तिल्ता’ हा शब्द घरात आला, तेव्हा ति-चा सि करणारा नियम अजून लागू व्हायचा होता किंवा चालू होता. आईला मात्र फिनिशमध्ये ‘ॲइति’ म्हणतात. हा जर्मॅनिक बाजूने आलेला शब्द आहे आणि गॉथिकमध्ये त्याचे जवळचे रूप सापडते. त्याच्या ति-ला कोणी हात लावला नाही, कारण तो आला तेव्हा नियमाचा जोर ओसरला होता. पूल आधी आला, आई नंतर आली, आणि या दोन आगमनांच्या मधे कुठेतरी पाण्याचा ‘वेत्सि’ झाला. हे उसने शब्द कुठून आणि कसे आले याची पद्धतशीर छाननी प्रथम केली ती विल्हेल्म थॉमसेन या डॅनिश पंडिताने. जर्मॅनिक शब्दांवरचा त्याचा ग्रंथ १८६९ चा, बाल्टिक शब्दांवरचा १८९० चा. दीडशे वर्षांनीही त्याचे पुष्कळसे निष्कर्ष उभे आहेत.

प्रथमा किती फसवी असते याचे आणखी ठळक उदाहरण म्हणजे ‘कूसि’. हा शब्द कानावर पडला तर तो ‘सहा’ आहे की ‘स्प्रूसचे झाड’, हे नुसत्या प्रथमेवरून कळत नाही. षष्ठी विचारा: सहाचा ‘कूदेन’, झाडाचा ‘कूसेन’. आकड्यातला स एके काळी त होता; झाडातला स पहिल्यापासून स-च होता. दोन वेगळ्या उगमांचे शब्द वाहत येऊन प्रथमेत एकमेकांत मिसळले, आणि त्यांचे वेगळेपण बाकीच्या विभक्त्यांनी राखले.

वेदेनमधला द ही तिसरी गोष्ट. अक्षर व्यंजनाने बंद होत असेल तर त्याच्या आरंभीचे व्यंजन मऊ पडायचे, असा या भाषांचा जुना नियम आहे. ‘वे-ते-नॅ’मधले ‘ते’ उघडे आहे, म्हणून त कडक राहिला. ‘वे-देन’मधले ‘देन’ न-ने बंद होते, म्हणून त ढिला पडला. तो मुळात आजच्यासारखा द नव्हता. जीभ दातांना नुसती घासून जाते असा घर्षक ध्वनी होता, आणि अग्रिकोला तो ‘d’ किंवा ‘dh’ असा लिहीत असे. पुढे हा ध्वनी लोकांच्या तोंडून गेला. पश्चिमेकडच्या बोलींत त्याच्या जागी र किंवा ल आला, पूर्वेकडे तो साफ नाहीसा झाला. लिखाणात मात्र तो राहिला. स्वीडिश वळणाच्या शिकलेल्या लोकांनी अक्षर पाहून त्याचा उच्चार द केला, आणि तोच प्रमाण ठरला. म्हणजे आज हेलसिंकीच्या शाळेत शिकवला जाणारा ‘वेदेन’मधला द बोलीतून आलेला नाही, तो पोथीतून आलेला आहे. एस्टोनियनने हा ध्वनी टाकून दिला; तिथे पाण्याचा म्हणजे नुसते ‘वे’, ए जरा लांबवून.

आता ‘वेत्तॅ’. माझ्या मते या शब्दाच्या रूपावलीतले सर्वांत मोलाचे रूप हेच, म्हणून पुस्तकात त्याला सर्वांत जास्त पाने दिली आहेत. सामान्यरूपाचा शेवटचा ए गळून ‘वेत्’ उरला आणि त्याला ‘तॅ’ लागला. या विभक्तीला आपण अंशविभक्ती म्हणू. तिचे काम आपल्याकडे क्रियापद करते. मराठीत ‘मी पाणी पितो’ आणि ‘मी पाणी पिऊन टाकतो’ यांत पाणी तेच राहते. संपवल्याचा अर्थ ‘टाकतो’ने येतो. फिनिशमध्ये क्रियापद जागचे हलत नाही, पाणी बदलते. ‘युओन वेत्तॅ’ म्हणजे मी पाणी पितो, थोडेसे, किती ते ठरलेले नाही, पिणे चालू आहे. ‘युओन वेदेन’ म्हणजे हे समोरचे पाणी मी सगळे पिऊन टाकतो. नकार असेल तर अंशविभक्तीच हवी: ‘एन युओ वेत्तॅ’. जे प्यायलेच नाही ते संपवले असे कसे म्हणणार?

या ‘तॅ’चा मूळ अर्थ मात्र ‘अंश’ नव्हता. तो होता ‘पासून’, ‘-हून’. जुन्या अर्थाचे काही अवशेष क्रियाविशेषणांत अडकून राहिले आहेत: ‘कोतोआ’ म्हणजे घरून, ‘ताकाआ’ म्हणजे मागून, ‘काउकाआ’ म्हणजे लांबून. त्यांतला प्रत्ययाचा त झिजून गेला आहे, पण अर्थ शाबूत आहे. ‘पाण्यातून प्यायलो’ यातून ‘त्यातले थोडे प्यायलो’, आणि त्यातून ‘थोडे पाणी प्यायलो’, असा हा प्रवास आहे. व्होल्गाच्या खोऱ्यातल्या एर्झ्या भाषेत हीच विभक्ती अजून मुख्यतः ‘पासून’ या अर्थी चालते, पण खाण्यापिण्याच्या क्रियापदांबरोबर आली की ‘थोडे’ हा अर्थही देते. वाटेत एका मुक्कामावर थांबलेली भाषा आपल्याला वाट दाखवते, ती अशी.

बाकीच्या विभक्त्यांचा तपशील पुस्तकात आहे, इथे फक्त ओळख करून देतो. ‘पाण्यात’ म्हणजे ‘वेदेस्सॅ’: यातला ‘स्सॅ’ म्हणजे स हा जोड आणि जुना स्थलवाचक ‘नॅ’ यांचा संयोग, नॅ मागच्या स-मध्ये मिसळून गेलेला. तोच नॅ ‘कोतोना’ म्हणजे ‘घरी’ या शब्दात स्पष्ट ऐकू येतो. ‘पाण्यामध्ये आत’ या अर्थी ‘वेतेएन’, पूर्वीचा ‘वेतेहेन’. साधित शब्दांतही सामान्यरूपच कामाला येते: पातळ, पाणचट या अर्थी ‘वेतेलॅ’, तळ्यात राहणारा लोककथांमधला जलपुरुष म्हणजे ‘वेतेहिनेन’, आणि रसायनशास्त्रातल्या हायड्रोजनला फिनिश लोकांनी १९ व्या शतकात शब्द पाडला तो ‘वेत्यु’. नवा शब्द घडवताना त्यांनी वेसि घेतला नाही, वेते- घेतला. शेजारच्या एस्टोनियनमध्ये हायड्रोजन ‘वेसिनिक’ आहे. त्यांनी प्रथमेपासून घडवला.

एवढी रूपावली हाताशी आली की मागे जाता येते. हंगेरियनमध्ये पाणी ‘वीझ’, एर्झ्यात ‘वेद’, मारीत ‘व्युत’, कोमीत ‘वा’, उदमुर्तमध्ये ‘वु’. उरल पर्वतापलीकडे सायबेरियात मान्सी भाषेत ‘वित’, आणि त्याही पलीकडच्या सामोयेद शाखेतही हाच शब्द. हे सगळे एकत्र आणले की या भाषांच्या कुळाचे, म्हणजे उरालिकचे, मूळ रूप *वेते मिळते, म्हणजे प्राक्-फिनिकचे जे सामान्यरूप तेच. हंगेरियन आणि लॅपलंडच्या सामी भाषेचे नाते यानोश शाइनोविच याने १७७० मध्ये दाखवले आणि शामुएल ज्यारमाथी याने १७९९ मध्ये ते अधिक पक्के केले. विल्यम जोन्सचे संस्कृतबद्दलचे कलकत्त्याचे प्रसिद्ध व्याख्यान या दोघांच्या मधले, १७८६ चे. आपल्याकडच्या पुस्तकांत तौलनिक भाषाविज्ञानाची सुरुवात बहुधा जोन्सपासून सांगतात. या दोघांची नावे त्यात यायला हवीत. गंमत म्हणजे शाइनोविचने ज्या सामी भाषेचा अभ्यास केला तिने स्वतः हा शब्द टाकून दिला आहे. उत्तर सामीत पाणी ‘चाह्त्सि’ आहे.

आता मराठी वाचकाच्या मनात आलेला प्रश्न. *वेते आणि आपला ‘उदक’ यांचे काही नाते आहे का? इंग्रजी ‘वॉटर’, रशियन ‘वोदा’, ग्रीक ‘ह्युदोर’, संस्कृत ‘उदक’ हे सगळे एका इंडो-युरोपीय मुळाचे. या मुळाची खूण अशी की प्रथमेत शेवटी र येतो आणि इतर विभक्त्यांत न. हे सगळ्यांत स्वच्छ दिसते हित्ती भाषेत: प्रथमेत ‘वातार’, पुढे ‘वितेन-’. मातीच्या फळ्यांवरची ही भाषा १९१५ मध्ये बेद्रिख ह्रोझ्नीने उलगडली, तेव्हा वातार हा त्याच्या हाती लागलेल्या दुव्यांपैकी एक होता. पुढे प्रत्येक भाषेने सोयीने एकेक बाजू धरली. इंग्रजीने र धरला, गॉथिकने न. संस्कृतातही हा न आहे, आणि तोही प्रथमेत नाही. अष्टाध्यायीतल्या ६.१.६३ या सूत्रात पाणिनी काही शब्दांची यादी देतो, ज्यांची रूपे द्वितीया बहुवचनापासून पुढे बदलतात. त्यात ‘उदक’च्या जागी ‘उदन्’ येतो. ऋग्वेदात ‘उद्ना’, ‘उदनि’ अशी रूपे आहेत. पाणिनीने ते आदेश म्हणून नोंदवले, कारण त्याला चालू भाषेचे वर्णन करायचे होते. आजचा अभ्यासक उलटे वाचतो: उदन् जुना, आणि उदक त्याच्या प्रथमेच्या जागी नंतर येऊन बसलेला.

उरालिक *वेतेमध्ये मात्र र नाही आणि न-ही नाही. उसना घेतला असेल तर तो शेवट गेला कुठे? दोन्ही कुळे एकाच आदिम भाषेतून निघाली असे मानणारे आहेत. निकोलाय अँडरसन यांनी तार्तूहून १८७९ मध्येच तसा ग्रंथ प्रसिद्ध केला. फार प्राचीन काळी इंडो-युरोपीयांकडून शब्द घेतला असे म्हणणारे आहेत, आणि निव्वळ योगायोग म्हणणारेही आहेत. पाण्यासारखा रोजचा शब्द कोण उसना घेईल, हा युक्तिवाद मला पुरेसा वाटत नाही. सामी लोकांनी तो बदलला. आपणही उदक, जल बाजूला ठेवून ‘पानीय’, म्हणजे पिण्याजोगे, यावरून आलेला ‘पाणी’ स्वीकारला.

इथे ‘मेसि’ या शब्दाकडे पाहावे लागते. फिनिशमध्ये मेसि म्हणजे फुलातला मध. त्याची रूपे: मेसि, मेदेन, मेत्तॅ. वेसिच्या रूपावलीत व-च्या जागी म घातला की झाले. आणि मेसि हा इंडो-युरोपीय ‘मधु’चाच जुना उसना शब्द आहे, यावर जवळजवळ सर्वांचे एकमत आहे. हंगेरियन ‘मेझ’, एर्झ्या ‘मेद’ ही त्याचीच भावंडे. सामोयेद शाखेत तो नाही. वेसि मात्र तिथेही आहे. मध नंतर घरात आला आणि त्याने पाण्याचीच चाल उचलली. त ते सि, त ते द, सगळे नियम त्यालाही लागले. तेव्हा रूपावली आपल्याला शब्द घरात किती जुना आहे ते सांगते, तो कोणाच्या पोटी जन्मला ते सांगत नाही. ही मर्यादा मान्य करूनच मी पुस्तकातले शेवटचे प्रकरण लिहिले आहे. माझा स्वतःचा कल असा की *वेते हा उरालिकांचा स्वतःचा शब्द धरावा, कारण तो या कुळाच्या दोन्ही टोकांना आहे आणि इंडो-युरोपीय र-न ची एकही खूण अंगावर घेऊन आलेला नाही.

मेसिप्रमाणेच फिनिशमध्ये शंभरला ‘साता’ म्हणतात आणि हातोड्याला ‘वासारा’. आपल्या ‘शत’ आणि ‘वज्र’ यांच्याशी ते जुळतात आणि ते खरोखरच इंडो-इराणी लोकांकडून घेतलेले आहेत. पण ते भारतातून गेलेले नाहीत. उरलच्या दक्षिणेच्या गवताळ प्रदेशात, हे लोक इकडे येण्याच्या आधी, त्यांच्या शेजाऱ्यांनी ते उचलले. हा फरक फार महत्त्वाचा आहे. नुसत्या आवाजाच्या सारखेपणावरून संस्कृतला सगळ्या जगाची आई ठरवणारे लेखन मराठीत पुष्कळ झाले आहे, आणि त्याने या विषयाचे मोठे नुकसान केले आहे. हेलसिंकी विद्यापीठात संस्कृतचे प्राध्यापक असलेल्या ओत्तो दोन्नेर यांनी १८८३ मध्ये फिनो-उग्रियन संस्था स्थापन केली. एकाच माणसाने दोन्ही कुळे शिस्तीने अभ्यासली, आणि त्यांची सरमिसळ होऊ दिली नाही.

पुस्तकाची मांडणी व्याकरणाच्या नेहमीच्या क्रमाने नाही. पहिले प्रकरण अंशविभक्तीचे, दुसरे षष्ठीचे आणि त्यातल्या द-चे, तिसरे स्थलवाचक विभक्त्यांचे. प्रथमा चौथ्या प्रकरणात येते, ति-चा त्सि होण्याच्या नियमासह, आणि बहुवचनाची रूपे तिच्याच मागोमाग. तक्ते प्रकरणांच्या शेवटी आहेत. घाईत असलेल्या वाचकाने ते आधी पाहिले तरी चालेल. पण वेत्तॅ, वेदेन आणि वेतेनॅ ही तीन रूपे एकदा मोठ्याने म्हणून पाहावीत, पहिल्या अक्षरावर जोर देऊन, आणि मग पान उलटावे.